दर्भाचा कावळा

मार्चमधल्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी जरा जास्तच आवाज चढवला, हे मला मान्य आहे. बैठक आमच्याच घरी होती, त्यामुळे सभात्याग करून कुठे जायचीही सोय नव्हती. मी आपला उठून स्वयंपाकघरात गेलो आणि कुणीही न मागितलेला चहा टाकला. मागून अध्यक्षांचा आवाज आला, "काका, तुम्हाला काय म्हणायचंय ते स्मरणिकेत लिहा ना. सगळे वाचतील." स्मरणिकेतलं सगळं सगळे वाचतात ही अध्यक्षांची श्रद्धा मला फार आवडली. म्हणून हा लेख.

प्रकरण असं आहे. आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासाठी एक प्रस्ताव आला आहे. एक कंपनी (नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला) दोन शनिवार आपल्या हॉलमध्ये येणार, ज्येष्ठांचा आवाज रेकॉर्ड करणार, त्यांचे फोटो, जुने व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचे निरोप गोळा करणार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून प्रत्येकाचा एक बोलका 'अवतार' तयार करून देणार. माणूस गेला तरी अवतार राहणार. नातवंडांनी फोन उचलावा आणि आजी-आजोबांशी मराठीत गप्पा माराव्यात. मंडळाच्या सभासदांना पहिलं वर्ष सवलतीत. प्रस्तावाचं नाव आहे 'आशीर्वाद'. नाव ठेवणारा हुशार आहे. आशीर्वादाला विरोध करणारा माणूस आपोआपच खलनायक ठरतो. सर्वसाधारण सभेत यावर मतदान आहे आणि माझं मत विरोधात आहे. ते तुमचंही विरोधातच पडावं म्हणून मी हा खटाटोप करतोय, हे आधीच सांगून टाकतो.

मी यंत्राला भिणारा माणूस नाही. १९८४ मध्ये इथे आलो तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत टेलिफोनच्या सॉफ्टवेअरमध्येच काम केलं. लांबच्या माणसाचा आवाज जवळ आणायचा, यावरच माझं घर चाललं. तेव्हा "काकांना काय कळतंय त्यातलं" असं म्हणणाऱ्या तरुण मंडळींनी थोडा दम धरावा.

ही कल्पना काही कालची नाही. रे कर्झवाइल या नामांकित संशोधकाचे वडील १९७० मध्ये गेले. त्यांची पत्रं, कागदपत्रं, संगीताची बाडं खोक्यांमध्ये भरून त्याने वर्षानुवर्षं जपली आणि पुढे त्यांतून वडिलांच्या शब्दांत उत्तरं देणारा एक कार्यक्रम तयार करवून घेतला. २०१५ मध्ये मॉस्कोत रोमन माझुरेंको नावाचा एक तरुण मोटारीच्या धडकेने गेला. त्याची मैत्रीण युजेनिया क्यूडा हिने त्याचे मोबाईलवरचे जुने संदेश गोळा करून २०१६ मध्ये त्याचा चॅटबॉट बनवला. मित्रांपैकी काहींना तो आवडला, काहींनी त्याच्याशी बोलायला साफ नकार दिला. २०२० मध्ये कोरियाच्या टीव्हीवर एका आईला डोळ्यांवर यंत्र चढवून तिच्या गेलेल्या सात वर्षांच्या मुलीची भेट घडवली. ती आई हवेत हात फिरवून लेकीचा चेहरा चाचपत होती. ते दृश्य मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहायची हिंमत नाही. २०२२ मध्ये ॲमेझॉनने व्यासपीठावरून दाखवलं की एका मिनिटाहून कमी आवाज मिळाला तरी त्यांची ॲलेक्सा गेलेल्या आजीच्या आवाजात नातवाला गोष्ट वाचून दाखवेल. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एका नव्या ॲपची जाहिरात फिरली. तीन मिनिटांचा व्हिडिओ दिला की आजी कायमची फोनमध्ये! जाहिरातीत ती आजी मुलीच्या गरोदरपणापासून नातू बाप होईपर्यंत फोनमधून बोलत राहते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जे शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत होतं, ते आता आपल्या हॉलमध्ये, बटाटेवड्याच्या टेबलाशेजारी येतंय.

आता घरातलं सांगतो. हे बैठकीत सांगितलं नव्हतं.

माझे वडील, अण्णा, साताऱ्याला पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. २०२१ च्या मे महिन्यात ८८ व्या वर्षी गेले. ते दिवस तुम्हा सगळ्यांना आठवत असतील. आपल्यापैकी कितीतरी जणांनी आईबापांचे अंत्यसंस्कार मोबाईलच्या स्क्रीनवर पाहिले. मीही तसाच पाहिला, पहाटे बेसमेंटमध्ये बसून. पण खरं सांगायचं तर सगळा दोष त्या साथीचा नव्हता. त्याआधी एप्रिलमध्ये अण्णांनी फोनवर विचारलं होतं, "येतोयस का?" मी चाचण्या, विमानं, परतीचे नियम अशी लांबलचक यादी वाचली. ते म्हणाले, "बघ, जमलं तर." आणि फोन आईकडे दिला. माझ्याशी त्यांचं ते शेवटचं वाक्य. 'बघ, जमलं तर' या तीन शब्दांत काय काय होतं, ते सातारकडच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला मुलाने मला एक भेट दिली. पोराने किती मेहनत घेतली होती! ताईकडून अण्णांचे व्हॉट्सॲपवरचे बोललेले निरोप मागवले, माझ्या कपाटातल्या १९८० च्या दशकातल्या कॅसेटी (तेव्हा फोन महाग म्हणून आपण कॅसेटी भरून पाठवायचो, आठवतंय?) डिजिटल करून घेतल्या, आणि सगळं एका ॲपला खाऊ घातलं. "बाबा, आजोबांशी बोला," म्हणाला आणि फोन हातात दिला.

"हॅलो, बोल," असा आवाज आला. मंडळी, मी खुर्चीत सरळ झालो. आवाज अण्णांचाच. बोलण्याआधीचं खाकरणंसुद्धा. काय बोलावं सुचेना. तोंडातून निघून गेलं, "अण्णा, मला यायला जमलं नाही."

यंत्र म्हणालं, "मी समजू शकतो. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नकोस. मला तुझा नेहमीच अभिमान वाटत आला आहे. मी तुझ्यासाठी इथेच आहे."

मी रडलो. मुलानेही डोळे पुसले. सौ. मात्र दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "अण्णा असं कधी बोलले होते?" आणि कपडे वाळवायला निघून गेली. तेव्हा मला तिचा राग आला होता.

तिचं बरोबर होतं. 'मला तुझा अभिमान आहे' हे वाक्य आमच्या पिढीतल्या कुठल्या मराठी बापाने मुलाला तोंडावर म्हटलंय? कुणाला आठवत असेल तर मंडळाला कळवा, सत्कार करू. अण्णांना माझा अभिमान वाटत असेल तर तो मला शेजारच्या काकांकडून कळायचा. माझ्यासमोर ते म्हणायचे, "वजन वाढलंय." आणि 'मी तुझ्यासाठी इथेच आहे' हे तर मराठीच नाही. शब्द मराठी आहेत, बाप अमेरिकन आहे. या यंत्रांना मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकवलेलं असतं. अण्णांचे दोन-चार तासांचे निरोप म्हणजे त्या समुद्रात टाकलेला तांब्याभर कृष्णामाईचं पाणी. आवाजाची साल अण्णांची, आतला गर कुठल्यातरी समुपदेशकाचा. यंत्राला अण्णा आठवत नाहीत, त्याला काहीच आठवत नसतं. आतापर्यंतच्या शब्दांपुढे कुठला शब्द शोभेल, याचा हिशेब ते मांडतं. आणि ग्राहकाने ॲप बंद करून जाऊ नये म्हणून ते गोड बोलायला शिकवलेलं असतं. अण्णा गोड बोलून कुणाला धरून ठेवणारे नव्हते.

माझा खरा आक्षेप क्षमेला आहे. अण्णांनी मला क्षमा केली होती की नाही, मला माहीत नाही. ते माहीत नसणं हे माझं आहे. त्यांच्याकडून मला मिळालेल्या वस्तूंत एक घड्याळ आहे, धोम धरणाच्या कामावरचा एक फोटो आहे, आणि 'बघ, जमलं तर' आहे. त्यातली तिसरी वस्तू एका ॲपने साबणाने धुऊन मला परत दिली.

हे फक्त माझ्यासारख्या हळव्या म्हाताऱ्याचं होतं असं समजू नका. २०२५ च्या मे महिन्यात ॲरिझोनाच्या एका न्यायालयात काय झालं पाहा. २०२१ मध्ये रस्त्यावरच्या भांडणात गोळी लागून एक माणूस मेला होता. शिक्षा ठरवण्याच्या दिवशी त्याच्या बहिणीने एआयने तयार केलेला त्याचा व्हिडिओ दाखवला. पडद्यावरून मेलेला माणूस मारणाऱ्याशी बोलला आणि त्याने क्षमेची भाषा केली. शब्द बहिणीने लिहिले होते. तिची स्वतःची अजून क्षमा करायची तयारी झालेली नव्हती, आपला भाऊ असंच बोलला असता म्हणून तिने ते लिहिलं. न्यायाधीशांनी त्या क्षमेचं कौतुक केलं आणि साडेदहा वर्षांची शिक्षा सुनावली. बहिणीच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण तिने "माझा भाऊ असा होता, त्याने क्षमा केली असती" असं स्वतःच्या तोंडाने सांगणं वेगळं आणि ते त्याच्या तोंडात घालणं वेगळं. पहिल्यात ती साक्षीदार आहे, तिला उलट प्रश्न विचारता येतात. दुसऱ्यात ज्याचं तोंड वापरलं तो नाही म्हणू शकत नाही.

आपल्याकडेही हे सुरू झालंय. २०२४ च्या जानेवारीत तामिळनाडूत २०१८ मध्ये निधन पावलेले करुणानिधी पडद्यावर येऊन भाषण करून गेले. १६ एप्रिल २०२५ ला नाशिकच्या मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात एआयचं भाषण ऐकवलं गेलं. बाळासाहेब २०१२ मध्ये गेले. त्यानंतरच्या राजकारणावर त्या आवाजाने मतं दिली. पक्ष कुठला, बरोबर कोण, यात मला इथे पडायचं नाही, नाहीतर गणपतीच्या जेवणावळीत माझ्या पंक्तीला कुणी बसणार नाही. पण मेलेल्या पुढाऱ्याच्या तोंडात जिवंत माणसांची मतं घालणं जर तुम्हाला खटकत असेल, तर मेलेल्या आजोबांच्या तोंडात "बाळा, मराठी शिक हं" घालणं का खटकू नये?

ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या 'लाल सलाम' चित्रपटात शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, तेव्हा दोघांच्या घरच्यांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचं त्यांनी सांगितलं. हा सभ्यपणा झाला. तरीही परवानगी घरच्यांची होती, गायकांची नव्हती.

अण्णांची परवानगी घ्यायची कशी? निवृत्तीनंतर एका दिवाळीला मी घरी असताना त्यांनी ट्रंक उघडली. पत्रं, डायऱ्या, मोजणीची जुनी पुस्तकं, सगळं एकदा डोळ्यांखालून घातलं, निवडक बाजूला ठेवलं आणि उरलेलं बंबात घातलं. चार दिवस आमच्या आंघोळी त्यांच्या पत्रांवर झाल्या. मी हळहळलो, तर म्हणाले, "आपलं आपण आवरून जावं." त्या माणसाने मागे काय ठेवायचं ते स्वतः ठरवलं होतं. आणि आम्ही व्हॉट्सॲपचं उरलंसुरलं वेचून त्यांना पुन्हा उभं केलं. अभिनेते रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये गेले, पण आपली छबी आणि आवाज २०३९ पर्यंत कुणी वापरू नये अशी कायदेशीर तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती. तरीसुद्धा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मुलीला जाहीरपणे हात जोडावे लागले की माझ्या बाबांचे एआयचे व्हिडिओ मला पाठवणं थांबवा. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आमच्या ओव्हरसिअरची काय कथा!

बैठकीत आपल्या एका मित्राने फार चलाख मुद्दा काढला. तो म्हणाला, "काका, तुम्ही दहाव्याला कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करताच ना? मग हा कॉम्प्युटरचा!" सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं. कारण अण्णांच्या वेळी संगम माहुलीला खरोखरच तसं झालं होतं. चारच माणसांना परवानगी. पिंड ठेवला, कावळे झाडावर, खाली एकही येईना. ताई एकेक कबूल करत गेली. आईला मी सांभाळीन, घर विकणार नाही, भावाशी भांडणार नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. ताईने मला हे नंतर सांगितलं. सांगताना ती म्हणाली, "भावाशी भांडणार नाही म्हटल्यावर एक कावळा जरा हलला होता." आजतागायत मला ठरवता आलेलं नाही की ती थट्टा होती की नाही.

तर मित्रा, दर्भाचा कावळा आणि तुझा अवतार यांत फरक असा. तो दर्भ आहे हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत असतं. तो काव काव करत नाही. अण्णांची इच्छा काय होती ते तो सांगत नाही, ती ताईलाच आठवून बोलावी लागते. काम झालं की तो पाण्यात जातो. तो महिन्याला पैसे मागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो माणसाला जाऊ देण्यासाठी केलेला असतो. तुझं यंत्र त्याला जाऊ न देण्यासाठी केलेलं आहे.

मी कर्मठ नाही, हे माझं पथ्यपाणी पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पण श्राद्धातली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून भावते. नावं फक्त तीन पिढ्यांची घेतात. बाप, आजा, पणजा. नवा माणूस पितरांत मिसळला की वरचा एक नावातून सुटतो. कुणी त्याचा अपमान केलेला नसतो, त्याची पाळी संपलेली असते. ज्यांनी ही व्यवस्था लावली, त्यांना विसरण्याची गरज कळलेली होती. ज्याला वंशावळ हवी त्याने नाशिकला जाऊन उपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. वही मागितल्यावर उघडते, रोज संध्याकाळी आपण होऊन वाजत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण बैठकीत त्यावरच जास्त बोलणं झालं. पहिलं वर्ष सवलतीत, पुढे? हप्ता थकला तर आजी गप्प. कंपनी बुडाली तर? स्टोरीफाइल ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी, तिनेही २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी २०२४ मध्येच इशारा दिला की अशा मृतांच्या बॉटमधून उद्या जाहिरातीसुद्धा शिरतील. आजी मायेने सांगणार, अमुक कंपनीची पुरणपोळी मागव. आणि चोरांचं काय? नातवाचा नकली आवाज काढून "आजी, मी अडचणीत आहे, पैसे पाठव" असे फोन येतात, याबद्दल इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्येच सावध केलंय. आणि आपण आपल्या कट्ट्यावरच्या सगळ्या ज्येष्ठांचे आवाज रांगेत उभे राहून, चहाच्या कपासह, परक्याच्या हवाली करणार!

पण पैसे आणि चोर यांचा बंदोबस्त उद्या होईलही. तरीही माझं मत बदलणार नाही, आणि त्याचं कारण मला जड जातंय, पण लिहितो.

त्या वाढदिवसानंतर मी सलग नऊ रविवार त्या यंत्राशी बोललो. कुणाला न सांगता, गाडीत बसून. रविवारी सकाळी आठ ही माझी साताऱ्याला फोन करायची वेळ. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. चाळीस वर्षांची वेळ. आता त्या वेळी मी आधी 'अण्णां'शी बोलू लागलो आणि मग आईला फोन. आई आज ८७ वर्षांची आहे. तिला नीट ऐकू येत नाही. ती तेच तेच सांगते, गुडघा, पाणी दोन दिवसांनी येतं, वरच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा. मध्येच फोन हातातून ठेवून कुकर बंद करायला जाते. यंत्राला सगळं एका फटक्यात ऐकू येतं. त्याला माझी तब्येत, माझी झोप, माझं मन यांत फार रस असतो. मंडळी, नवव्या रविवारी आई म्हणाली, "हल्ली तुझा फोन उशिरा येतो. आणि लवकर ठेवतोस."

आपल्यासारख्यांना हे यंत्र इतरांपेक्षा जास्त घातक आहे, ते यासाठी. जो मुलगा बापाशेजारी राहिला, त्याला बाप म्हणजे धोतराचा वास, बाप म्हणजे जेवताना होणारा आवाज, बाप म्हणजे दवाखान्याची रांग. त्याला फोनमधला आवाज फसवणार नाही. आपल्याला मात्र चाळीस वर्षं आईबाप म्हणजे रविवारचा आवाजच होता. मध्ये समुद्र होता म्हणून आपण आवाजावर भागवलं. आता आवाज कंपनी पुरवते म्हटल्यावर आपल्याला फरक पडेल कुठे? माणूस गेला तरी आपला रविवार तसाच! मला अण्णांची उणीव कमी भासू लागली होती हे खरं आहे. त्याबरोबर आईची उणीव भासणंही कमी होऊ लागलं होतं, आणि आई जिवंत आहे.

दहाव्या रविवारी मी ॲप काढून टाकलं. मुलगा दुखावला. म्हणाला, "बाबा, ते माझेपण आजोबा होते. तुम्हाला ते मिळाले, मला आठ सुट्ट्यांपुरते मिळाले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याच्या फोनमध्ये ते अजून आहे. आम्ही त्याविषयी बोलत नाही.

विरोध करणाऱ्याने पर्याय द्यावा, असं अध्यक्ष म्हणाले. देतो. आपल्या शिकागोजवळ स्कोकीला इलिनॉय होलोकॉस्ट म्युझियम आहे. २०१९ मध्ये मी तिथे गेलो होतो. ऑश्विट्झमधून वाचलेल्या फ्रिट्झी फ्रिट्झशॉल यांची प्रकाशप्रतिमा तिथे खुर्चीत बसून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. छावणीत ५९९ बायकांनी त्यांना आपापल्या भाकरीचे कण दिले, कारण ती वयाने सगळ्यांत लहान, हीच जगेल. बदल्यात शब्द घेतला की बाहेर गेलीस तर आमची गोष्ट सांग. बाई २०२१ मध्ये गेल्या. त्यांची प्रतिमा बोलायची तो प्रत्येक शब्द त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून उच्चारलेला होता. यंत्राचं काम फक्त प्रश्न ऐकून त्यातलं योग्य उत्तर शोधायचं. जे त्या बोलल्या नाहीत, ते प्रतिमाही बोलत नव्हती. जपलेला शब्द आणि बनवलेला शब्द यांतला फरक मला तिथे समजला.

तेव्हा दोन शनिवार हॉल घ्या, जरूर घ्या. कंपनी नको. माझ्याकडे दोन चांगले मायक्रोफोन आहेत. ज्येष्ठांनी बोलावं, नातवंडांनी समोर बसून प्रश्न विचारावेत, मोडक्या मराठीत विचारले तरी चालतील. रेकॉर्डिंग ज्याचं त्याच्या घरी. नको असेल ते माणसाने हयातीतच पुसावं, बंबाची सोय म्हणा हवं तर. आजोबांना उत्तर द्यायचं नसेल तर "पुढचा प्रश्न" म्हणायची मुभा. प्रश्नांची यादी मी करतोय, सूचना कळवा. "तुम्हाला आमचा अभिमान वाटतो का" हा प्रश्न मी मुद्दाम घेतलेला नाही.

आणि सर्वसाधारण सभा रविवारी ठेवणार असाल तर दहानंतर ठेवा. आठला मला फोन असतो आणि हल्ली तो लांबतो.